पक्षाघात आणि रक्तवाहिनीचे अस्तर

मेंदूच्या एखाद्या भागाचा रक्तपुरवठा अचानक बिघडला आणि त्यामुळे त्या भागाचे काम बंद पडले, की त्या अवस्थेस वैद्यकशास्त्र ‘स्ट्रोक’ म्हणते. मराठीत तिला पक्षाघात, अर्धांगवायू किंवा लकवा अशी नावे आहेत, आणि खेडोपाडी अजूनही रुग्णाच्या ‘अंगावरून वारे गेले’ असेच सांगितले जाते. ही नावे मूळ आजाराची नसून त्याच्या सर्वांत ठळक लक्षणाची, म्हणजे शरीराची एक बाजू लुळी पडण्याची आहेत, आणि त्यांत वायूचा उल्लेख असला तरी प्रकरण सर्वस्वी रक्ताचे आहे. मेंदूकडे जाणारी धमनी गुठळीने बंद होते किंवा मेंदूतील एखादी वाहिनी फुटून रक्त बाहेर पसरते, असे त्याचे दोन मुख्य प्रकार असून पहिला प्रकार बराच अधिक आढळतो. मुंबईत 2005 आणि 2006 या दोन वर्षांत लोकवस्तीच्या पातळीवर केलेल्या नोंदणीत 25 वर्षांवरील लोकांत दर लाखामागे वर्षाला 145 जणांना पहिला झटका आल्याचे दिसले आणि त्यांतील सुमारे 80 टक्के झटके गुठळीचे होते. मेंदूचे वजन शरीराच्या अवघे 2 टक्के, परंतु शरीर वापरत असलेल्या प्राणवायूपैकी जवळजवळ पाचवा हिस्सा एकटा मेंदू वापरतो, त्यामुळे पुरवठा तुटल्यावर तग धरण्याची त्याची ऐपत मिनिटांत मोजावी लागते.

रुग्णालयात आणल्याबरोबर अशा रुग्णाच्या मेंदूचा सीटी स्कॅन काढतात, तो मुख्यतः रक्तस्राव आहे की नाही हे पाहण्यासाठी. एमआरआय त्याहून बारीक चित्र देतो आणि धमनीत रंगद्रव्य सोडून काढलेल्या प्रतिमांत अडथळा नेमका कुठे आहे तेही समजते. या सर्व चित्रांत मेंदू दिसतो, वाहिनीची पोकळी दिसते, प्रसंगी भिंतीवर साचलेला चरबीचा थरही दिसतो, परंतु त्या भिंतीचे सर्वांत आतले अस्तर, ज्याच्याशी रक्ताचा प्रत्यक्ष संबंध येतो, ते कोणत्याही चित्रात उमटत नाही. हे अस्तर म्हणजे चपट्या पेशींचा एकच एक थर असून त्याची जाडी बहुतेक ठिकाणी केसाच्या जाडीच्या शंभराव्या भागाइतकीच भरते. एवढ्या पातळ थराला झालेली इजा बाहेरून पाहता येत नसल्यामुळे, त्या थरातून रक्तात काय गळते, तुटते आणि सुटते ते शोधावे आणि त्यावरून इजेचा अंदाज बांधावा, हा मार्ग संशोधकांनी धरला. रक्तात सापडणाऱ्या अशा पदार्थांना इजेचे निदर्शक म्हणतात.

या थराला एंडोथेलियम हे नाव स्विस शरीररचनाशास्त्रज्ञ विल्हेल्म हिस यांनी 1865 साली दिले. मराठीत त्याला अंतःस्तर म्हणता येईल. त्याच्या आसपासच्याच काळात बर्लिनचे रुडॉल्फ विर्चो यांनी रक्तवाहिनीत गुठळी का होते याचा विचार मांडला होता, आणि वाहिनीच्या भिंतीचा बिघाड हे गुठळीच्या कारणांपैकी एक म्हणून तेव्हापासून गणले जाते. तरीही पुढची शंभर वर्षे हा थर नळीच्या आतून लावलेल्या गुळगुळीत मुलाम्यासारखा, स्वतः काहीही न करणारा समजला गेला. ही समजूत मोडली ती न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागातील रॉबर्ट फर्चगॉट यांच्या प्रयोगशाळेत, आणि तीही एका गफलतीच्या निमित्ताने. सशाच्या महाधमनीची नागमोडी पट्टी कापून तिच्यावर असिटिलकोलीन हे रसायन टाकले की ती आकसते, असा त्यांचा कित्येक वर्षांचा अनुभव होता, परंतु जिवंत प्राण्यात हेच रसायन धमन्या सैलावते. 1978 मध्ये पट्टीऐवजी धमनीची कडी कापून प्रयोग केला असता ती चक्क सैलावली, आणि शोध घेतल्यावर असे ध्यानात आले की पट्टी कापताना तिची आतली बाजू बोटाला किंवा टिपकागदाला घासली जाऊन अंतःस्तर खरवडला जात होता. अंतःस्तर शाबूत असेल तर धमनी सैलावते, नसेल तर आकसते. फर्चगॉट यांनी पुढे अस्तर काढलेली पट्टी अस्तर असलेल्या पट्टीला चिकटवून ठेवली, तेव्हा अस्तर नसलेली पट्टीसुद्धा सैलावू लागली, म्हणजे अस्तरातून काहीतरी पाझरून शेजारच्या पट्टीपर्यंत पोहोचत होते. हे निष्कर्ष 1980 साली प्रसिद्ध झाले, तो पाझरणारा पदार्थ नायट्रिक ऑक्साइड हा साधा वायू असल्याचे त्यानंतरच्या सात वर्षांत सिद्ध झाले, आणि 1998 चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक या कामासाठी फर्चगॉट, लुई इग्नारो आणि फेरिड मुराद यांना मिळाले. अर्धांगवायूच्या कथेत अखेर एक खराखुरा वायू निघाला, ही गंमत मराठी वाचकाच्याच वाट्याला येते.

निरोगी अंतःस्तर रक्ताला गोठू देत नाही, पांढऱ्या पेशींना चिकटू देत नाही आणि भिंत सैल ठेवतो. उच्च रक्तदाब, मधुमेह, तंबाखूचा धूर आणि रक्तातील वाढलेली चरबी यांचा मारा वर्षानुवर्षे होत राहिला की हाच अंतःस्तर बाजू बदलतो. जे प्रवाहात येऊ नये ते सोडू लागतो आणि जे अंगावर राहावे ते गमावू लागतो. म्हणून त्याच्या इजेच्या खुणा तीन वाटांनी रक्तात येतात. काही पदार्थ पेशी स्वतःच बाहेर टाकते, काही तिच्या पृष्ठभागावरून तुटून येतात, आणि इजा तीव्र असेल तर पेशीच सुटून वाहू लागते.

पहिल्या वाटेने येणारा सर्वांत जास्त अभ्यासला गेलेला पदार्थ म्हणजे व्हॉन विलेब्रांड घटक. फिनलंडच्या ऑलंड बेटांवरील एका पाच वर्षांच्या मुलीला 1924 साली हेलसिंकी येथे एरिक व्हॉन विलेब्रांड या वैद्यांकडे आणण्यात आले. तिला वारंवार रक्तस्राव होत असे आणि तिची काही भावंडे रक्तस्रावानेच दगावली होती. विलेब्रांड यांनी 1926 मध्ये या घराण्याचा अभ्यास प्रसिद्ध केला आणि हा आजार नेहमीच्या हिमोफिलियाहून वेगळा असल्याचे दाखवले. ज्या प्रथिनाच्या अभावी तो होतो, त्याला पुढे त्यांचेच नाव मिळाले. दरम्यान 1964 साली एवाल्ड वायबेल आणि जॉर्ज पॅलेड यांना इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली अंतःस्तराच्या पेशींत काडीसारख्या आकाराच्या पिशव्या दिसल्या होत्या. त्या कशासाठी आहेत हे ठाऊक नसताना त्यांचे वर्णन झाले, आणि त्यांत हेच प्रथिन घडी घालून ठेवलेले असते हे कळायला 1982 उजाडले. पेशीला धक्का बसला की या पिशव्या रिकाम्या होतात आणि आतली लांबच लांब साखळी प्रवाहात उलगडते. रक्ताचा वेग जितका जास्त, तितकी ती ताणली जाते आणि तिच्यावरील बिंबिकांना, म्हणजे प्लेटलेट्सना, धरून ठेवणाऱ्या जागा उघड्या पडतात. फुटलेल्या वाहिनीला बूच लावण्यासाठी ही योजना उत्तम आहे. अरुंद झालेल्या पण न फुटलेल्या धमनीत मात्र तेच बूच मेंदूचा रस्ता अडवते. साखळी फार लांबू नये म्हणून तिचे तुकडे करणारे अ‍ॅडम्टीएस-13 नावाचे विकरही रक्तात असते, आणि या दोहोंचे प्रमाण एकत्र पाहिले तर नुसत्या एकापेक्षा अधिक अर्थबोध होतो.

झटका आलेल्या रुग्णांत व्हॉन विलेब्रांड घटक वाढलेला असतो हे अनेक ठिकाणी दिसले आहे, पण त्यातून एक जुनी अडचण उभी राहते. ताप, शस्त्रक्रिया, मानसिक ताण अशा कोणत्याही धक्क्यानंतर हा घटक वाढतो, मग झटक्यानंतर घेतलेल्या नमुन्यातील वाढ ही झटक्याचे कारण मानायची की परिणाम? याचे उत्तर ज्यांना अजून काहीच झालेले नाही अशांचे रक्त आधी घेऊन ठेवल्यावाचून मिळत नाही. नेदरलँड्समधील रॉटरडॅम येथे 55 वर्षांवरील, आधी झटका न आलेल्या 6,000 हून अधिक व्यक्तींच्या रक्तात हा घटक मोजून पुढे काही वर्षे त्यांच्यावर लक्ष ठेवले गेले, आणि ज्यांच्यात तो जास्त होता त्यांना झटक्याचा धोकाही काहीसा जास्त असल्याचे 2010 साली प्रसिद्ध झाले. म्हणजे वाढ निदान काही अंशी आधीपासून असते. तरीही एका व्यक्तीच्या आकड्यावरून तिचे भविष्य सांगणे धाडसाचे ठरते, कारण हा आकडा वयाबरोबर वाढतो आणि ओ रक्तगटाच्या लोकांत तो इतरांपेक्षा सुमारे पाव हिश्शाने मुळातच कमी असतो. रक्तगट न विचारता वाचलेला अहवाल त्यामुळे अर्धाच वाचलेला असतो.

दुसऱ्या वाटेवरील थ्रॉम्बोमॉड्युलिन हे प्रथिन 1981 मध्ये चार्ल्स एस्मन आणि व्हाइट ओवेन यांच्या कामातून पुढे आले. अंतःस्तराच्या पेशीत रोवलेले हे प्रथिन रक्त गोठवणाऱ्या थ्रॉम्बिनला पकडते आणि त्याचे काम उलटवते, म्हणजे गोठवणाऱ्याच्याच हातून गोठण थांबवणारे ‘प्रोटीन सी’ जागे करते. पेशीला इजा झाली की या प्रथिनाचे बाहेर आलेले टोक तुटून रक्तात फिरू लागते, आणि तेच मोजले जाते. इतके सरळ प्रकरण असूनही त्याचा अर्थ लावणे सोपे नाही. रुग्णाच्या रक्तात तुकडे जास्त असणे हे इजेचे लक्षण आहे खरे, परंतु अमेरिकेत 1999 साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या पाहणीत निरोगी माणसांपैकी ज्यांच्यात हे तुकडे जास्त होते त्यांना पुढे हृदयविकार कमी झाला. पेशीवर मूळचाच साठा मोठा असेल तर गळतीही मोठी दिसते, असा त्याचा एक उलगडा केला जातो. शिवाय हे तुकडे मूत्रपिंडावाटे बाहेर पडत असल्यामुळे मूत्रपिंड मंदावलेल्या मधुमेही रुग्णात अस्तर सुस्थितीत असूनही आकडा फुगलेला दिसू शकतो, आणि पक्षाघाताच्या रुग्णांत मधुमेही थोडे नसतात.

याच वाटेने ई-सिलेक्टिन, आयकॅम आणि व्हीकॅम ही चिकटवणारी प्रथिने येतात. सूज आली की अंतःस्तर ती पृष्ठभागावर उभी करतो, जेणेकरून जाणाऱ्या पांढऱ्या पेशी अडकून भिंतीत शिराव्यात. या प्रथिनांची वाढ पाहून, तीच गुन्हेगार असावीत, असा अंदाज एका चाचणीत पारखला गेला. आयकॅमला बांधून ठेवणारे एनलिमोमॅब नावाचे प्रतिपिंड 600 हून अधिक झटक्याच्या रुग्णांवरील चाचणीत वापरले, आणि 2001 साली आलेल्या निष्कर्षानुसार ते घेतलेल्यांची स्थिती न घेतलेल्यांपेक्षा वाईट झाली. हे प्रतिपिंड उंदराच्या पेशींपासून बनवलेले असल्याने त्यानेच शरीरात नवी सूज चेतवली असावी. घटनास्थळी सापडलेला प्रत्येक जण आरोपी नसतो, हे या क्षेत्राला असे महागात शिकावे लागले.

तिसरी वाट सर्वांत निर्विवाद आणि सर्वांत कष्टाची आहे. एक मिलिलिटर रक्तात सुमारे 500 कोटी तांबड्या पेशी असतात आणि निरोगी माणसात त्याच मिलिलिटरमध्ये अंतःस्तरातून सुटलेल्या पेशी जेमतेम दहा-पाच सापडतात. त्या निवडण्यासाठी सीडी-146 या त्यांच्या पृष्ठभागावरील खुणेला चिकटणारी प्रतिपिंडे सूक्ष्म लोहचुंबकीय मण्यांवर बसवतात, मणी रक्तात ढवळतात, नळीला चुंबक लावून बाकी सारे ओतून देतात आणि उरलेल्या पेशी सूक्ष्मदर्शकाखाली एकेक मोजतात. एवढी काटेकोर रीतसुद्धा सुरुवातीलाच चुकू शकते, कारण सुई शिरेत शिरताना शिरेचे अस्तर खरवडते आणि त्या पेशी नळीत येतात. म्हणून या मोजणीसाठी रक्त घेताना पहिले काही मिलिलिटर दुसऱ्या नळीत घेऊन बाजूला ठेवण्याचा प्रघात आहे. ब्रुकलिनच्या प्रयोगशाळेत बोटाने जे केले, तेच येथे सुई करते.

आतापर्यंत सांगितलेल्या निदर्शकांत एक समान उणीव आहे, ती म्हणजे त्यांना पत्ता नसतो. हृदयविकाराच्या झटक्यात ट्रोपोनिन या प्रथिनावर वैद्य इतके विसंबतात, याचे कारण ट्रोपोनिनचा मोजला जाणारा प्रकार हृदयाच्या स्नायूतच असतो. तो रक्तात दिसला की इजा कोठे झाली याचे उत्तर लगेच मिळते. अंतःस्तर मात्र टाचेपासून टाळूपर्यंत प्रत्येक वाहिनीत आहे. रक्तातील थ्रॉम्बोमॉड्युलिन पायाच्या धमनीतून आले की मूत्रपिंडातून, हे त्याच्यावर लिहिलेले नसते, आणि मेंदूच्या सूक्ष्म वाहिन्यांत तर ते मुळातच इतर अवयवांच्या मानाने फार कमी असते. नागपूरच्या सेंट्रल इंडिया इन्स्टिट्यूट ऑफ मेडिकल सायन्सेस येथील प्रयोगशाळेने 2009 साली आयटीआयएच-4 नावाचे प्रथिन पुढे आणले, जे झटक्यानंतर रक्तातून जवळजवळ नाहीसे होते आणि सुधारणेबरोबर परतते. वाढण्याऐवजी घटणारी ही खूण लक्षणीय आहे, पण हे प्रथिन यकृतात तयार होते, त्यामुळे पत्त्याचा प्रश्न तेथेही सुटत नाही.

पत्ता असलेल्या खुणा मिळण्याची आशा मेंदूच्या वाहिन्यांच्या एका वेगळेपणावर आहे. पॉल एर्लिश यांनी 1885 मध्ये प्राण्याच्या रक्तात रंग सोडला तेव्हा सारे अवयव रंगले पण मेंदू कोरा राहिला, आणि त्यांचे शिष्य एडविन गोल्डमन यांनी 1913 मध्ये तोच प्रकार उलटून, मेंदूभोवतीच्या द्रवात रंग सोडून, मेंदू रंगतो पण बाकीचे शरीर कोरे राहते हे दाखवले. रक्त आणि मेंदू यांच्यामधील हा अडसर म्हणजे पुन्हा अंतःस्तरच. फक्त मेंदूत त्याच्या पेशी एकमेकींना इतक्या घट्ट शिवलेल्या असतात की त्यांच्यामधून रंगाचे रेणूही जात नाहीत. ही शिवण क्लॉडिन-5 आणि ऑक्लुडिन या प्रथिनांची असते. रक्तपुरवठा तुटल्यावर एमएमपी-9 हे विकर सक्रिय होऊन ही शिवण आणि पेशींखालचा आधारपट दोन्ही कुरतडते, आणि तुटलेले धागे रक्तात उतरतात. विकर स्वतः पांढऱ्या पेशींतूनही येत असल्याने त्याचा पत्ता पुसट आहे, शिवणीच्या धाग्यांचा त्या मानाने बरा.

निदर्शक आणि कारण यांतील फरक महाराष्ट्रातील वाचकाला जवळून भिडतो तो होमोसिस्टीनच्या बाबतीत. हे अमिनो आम्ल रक्तात वाढले की अंतःस्तराला इजा होते, असा विचार किल्मर मॅककली यांनी 1969 साली मांडला, आणि ते वाढू नये यासाठी शरीराला फॉलिक आम्ल आणि ब-12 जीवनसत्त्व लागते. ब-12 वनस्पतिजन्य अन्नात जवळजवळ नसते. पुण्याच्या के.ई.एम. रुग्णालयातील चित्तरंजन याज्ञिक आणि सहकाऱ्यांनी 2006 मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात पुणे शहर आणि परिसरातील मध्यमवयीन पुरुषांपैकी सुमारे दोन तृतीयांशांत ब-12 कमी आणि निम्म्याहून अधिकांत होमोसिस्टीन जास्त आढळले. ज्यांना झटका येऊन गेला आहे अशांना ही जीवनसत्त्वे दिल्याने पुढचे झटके टळतात का, याचे निकाल फारसे उत्साहवर्धक आले नाहीत. उलट चीनमध्ये उच्च रक्तदाब असलेल्या 20,702 जणांवरील चाचणीत रक्तदाबाच्या गोळीबरोबर फॉलिक आम्ल दिलेल्या गटात पहिल्या झटक्याचे प्रमाण 3.4 वरून 2.7 टक्क्यांवर आल्याचे 2015 साली दिसले. अस्तर उखडण्यापूर्वी केलेला उपाय आणि उखडल्यानंतरचा उपाय यांत एवढे अंतर पडते.

या सर्व खुणांची खरी निकड ज्या प्रसंगी भासते, तो प्रसंग गुठळी विरघळवणाऱ्या औषधाचा. अल्टेप्लेज हे औषध म्हणजे अंतःस्तर स्वतःच जे प्रथिन थोड्या मात्रेत स्रवतो त्याचीच प्रयोगशाळेत केलेली प्रत आहे. 1995 च्या अमेरिकी चाचणीत पहिल्या तीन तासांत ते दिलेले रुग्ण अधिक संख्येने सावरले, मात्र मेंदूत लक्षणे दिसण्याइतका रक्तस्राव 6.4 टक्के रुग्णांत झाला, जो औषध न दिलेल्या गटात 0.6 टक्के होता. 2008 मध्ये ही मुदत साडेचार तासांपर्यंत वाढली. ज्याची शिवण आधीच उसवली आहे त्याच्या मेंदूत गुठळी सुटताच रक्त फुटून बाहेर येणार, तेव्हा उसवलेली शिवण आधी ओळखता आली तर औषध कोणाला द्यावे हे ठरवता येईल. स्पेनमधील संशोधकांनी 2004 साली यासाठी पेशीय फायब्रोनेक्टिन मोजले. फायब्रोनेक्टिनचा एक प्रकार यकृत बनवते आणि तो रक्तद्रवात नेहमीच मुबलक असतो, पण अंतःस्तराच्या आधारपटातील प्रकाराच्या साखळीत एक जादा कडी असते. ही कडी असलेले रेणू रक्तात जास्त मिळाले, म्हणजे यकृतातून नव्हे तर भिंतीतून आलेले, तर औषधानंतर रक्तस्राव होण्याचा धोका वाढलेला आढळला.

परंतु ती कडी ओळखणारी नेहमीची प्रयोगशाळेतील चाचणी पूर्ण व्हायला काही तास जातात, आणि अवरुद्ध मेंदूत दर मिनिटाला सरासरी 19 लाख चेतापेशी मरत असतात. म्हणून व्यवहारात औषध सुरू करण्यापूर्वी सर्वच रुग्णांत जिच्या निकालासाठी थांबलेच पाहिजे अशी रक्ताची चाचणी एकच आहे, आणि ती अंतःस्तराची नाही. बोट टोचून पट्टीवर घेतलेल्या एका थेंबातील साखर पाहतात, कारण साखर फार उतरली तरी माणसाची एक बाजू लुळी पडू शकते. संशोधनासाठी घेतलेली नळी त्याच वेळी फिरवून तिच्यातील रक्तद्रव वेगळा केला जातो आणि तो उणे 80 अंशांच्या शीतपेटीत जातो, जेथून तो काही महिन्यांनी, रुग्ण चालू लागला की नाही हे समजल्यानंतर, मोजण्यासाठी बाहेर काढला जातो.